मांजरांचं विचारा ताईला : दुर्मिळ जातींची मांजरं आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात बिनकेसाच्या मांजराचा फोटो छापला आणि पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस नोट यांचा नुसता पाऊस पडला. विषय सगळ्यांचा एकच, दुर्मिळ जातीचं मांजर. कुणाला घ्यायचंय, कुणाकडे कुणीतरी विकायला आलंय, आणि बऱ्याच जणांना वाटतंय की आपल्या घरात आहे तेच काहीतरी भारी जातीचं निघेल. म्हणून हा महिना सगळा त्यालाच दिलाय. दवाखान्यात रोज मांजरं हाताखालून जातात त्यामुळे जिथे तब्येतीचा प्रश्न आहे तिथे मी स्पष्ट लिहिलंय, एखाद्याला लागलं तर आधीच माफी मागते, पण लिहिणार तसंच.

गिरगावातून एक कॉलेजमधला मुलगा लिहितो : ताई, आमच्या चाळीच्या जिन्यात एक कुळकुळीत काळं मांजर होतं ते आता माझ्याच पायाशी झोपतं. मित्र म्हणतो ही ओरिजिनल बॉम्बे कॅट आहे, इंटरनॅशनल ब्रीड, आपल्या मुंबईचीच, पिल्लं झाली की विक. नाव तर बॉम्बेच आहे, मग खरं असेल ना?

अरे, बॉम्बे नावाची जात खरी आहे, पण ती जन्मली अमेरिकेत, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात. निकी हॉर्नर नावाच्या ब्रीडर बाई होत्या, त्यांनी १९५३ पासून एकच ध्यास घेतला की काळा बिबट्या हवा, पण मांडीवर मावेल एवढा. आपल्याकडचा काळा बिबट्या डोक्यात होता म्हणून नाव ठेवलं बॉम्बे, बाकी आपल्या मुंबईशी त्या जातीचा काडीचाही संबंध नाही. त्यांनी गडद तपकिरी बर्मीज मांजर आणि काळं अमेरिकन शॉर्टहेअर यांची जोडी लावली, सुरुवातीला मनासारखं काही निघालं नाही, मग पुन्हा पुन्हा निवड करत करत तो पेटंट लेदरच्या बुटासारखा चमकणारा काळा रंग आणि तांब्याच्या नव्या नाण्यासारखे डोळे आले. सीएफए ही अमेरिकेतली मांजरांची जुनी संस्था, तिने १९७६ साली या जातीला शोमध्ये चॅम्पियनशिपसाठी उतरायची परवानगी दिली. म्हणजे वीसेक वर्षं गेली एका रंगापायी.

गंमत अशी की यातल्या बर्मीजची गोष्ट आपल्या बाजूला येते. १९३० मध्ये वाँग माऊ नावाची एक तपकिरी भाटी ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला नेली होती, अमेरिकेतली बर्मीज जात तिच्यापासून सुरू झाली. त्यामुळे बॉम्बे कॅटमध्ये आशियाचं रक्त आहे, फक्त ते रंगूनच्या बाजूचं, गिरगावचं नाही.

आता तुझ्या मांजराचं. त्याला सकाळच्या उन्हात खिडकीत बसव आणि अंगाकडे तिरकं बघ. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मांजरांत उन्हात तांबूस झाक येते आणि खाली लपलेले पट्टे भुतासारखे दिसायला लागतात, डोळे हिरवट किंवा पिवळे असतात. बॉम्बेचा केस मुळापर्यंत काळा, नाक काळं, पंजाच्या गाद्या काळ्या, डोळे सोनेरी ते तांब्याच्या रंगाचे. पण हे सगळं जुळलं तरी आईवडिलांचे कागद नसतील तर ती बॉम्बे नाही, काळा रंग आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आला की पिल्लू काळं होतं, एवढंच त्यात आहे आणि ते जगभर होतं. पिल्लं विकायचं डोक्यातून काढ, त्याआधी तपासून घे की ती भाटी आहे का बोका, आणि नसबंदी करून टाक. काळी पिल्लं आपल्याकडे कुणी घेत नाही रे, आडवं जातं म्हणतात, माझ्याकडे दत्तक द्यायला येतात त्यात सगळ्यात शेवटी उरतात ती काळीच. तू ठेवलंस, तिथेच मला तुझं पत्र आवडलं.

मुलुंडहून एक आई लिहितात : मुलगी दहावी झाली, तिला स्कॉटिश फोल्डच हवंय, घुबडासारखा गोल चेहरा, कान पुढे दुमडलेले, रील्स बघून वेड लागलंय. एका ब्रीडरने ६०,००० सांगितलेत आणि म्हणतो पहिला डोस झालाय, एकदम हेल्दी. घेऊ का?

नका घेऊ. एवढं थेट मी सहसा बोलत नाही म्हणून कारण नीट सांगते, मुलीलाही हे वाचायला द्या.

१९६१ मध्ये स्कॉटलंडमध्ये पर्थशरमधल्या कूपर अँगसजवळ एका शेतावर सूझी नावाची पांढरी भाटी होती, तिचे कान जन्मानंतर पुढे वळले. शेजारच्या विल्यम रॉस नावाच्या मेंढपाळाने तिचं एक पिल्लू घेतलं आणि तिथून ही जात सुरू झाली, आज जगात जेवढे फोल्ड आहेत ते सगळे त्या एका सूझीचे. आता कान का दुमडतो ते बघा. तुमच्या स्वतःच्या कानाला हात लावा, आत लवचिक मऊ हाड लागतं त्याला कुर्चा म्हणतात. फोल्डच्या कानातली कुर्चा कच्ची असते म्हणून कान उभा राहत नाही आणि आपल्याला तो गोंडस दिसतो. पण कुर्चा फक्त कानात नसते हो, गुडघ्यात असते, घोट्यात असते, शेपटीच्या प्रत्येक मणक्यात असते, आणि बिघाड सगळीकडे असतो. २०१६ मध्ये तो जीनही सापडला, टीआरपीव्ही४ म्हणतात. आईबाप दोन्ही फोल्ड असतील आणि दोघांकडून तो जीन आला तर पिल्लू लहानपणीच अपंग होतं, पण एकाच बाजूने आला तरी सांध्यांचा आजार कमीजास्त प्रमाणात येतोच, ब्रीडर म्हणतात की आम्ही सरळ कानाच्या मांजराबरोबर जोडी लावतो म्हणून काही होत नाही, ते चूक आहे.

ते बसतं ना बुद्धासारखं, मागचे पाय पुढे पसरून पोट दाखवत, ज्या फोटोला लाखो लाइक पडतात, त्यातल्या कितीतरी मांजरांना पाय नीट दुमडून बसवत नाही म्हणून ती तशी बसतात. माझ्याकडे एक फोल्ड यायचा, तीन वर्षांचा बोका, घरचे सांगायचे किती शांत आहे, कधी कपाटावर चढत नाही, पडद्याला लटकत नाही. एक्स-रे काढला तर मागच्या घोट्यांत हाड वेडंवाकडं वाढून सांधाच जाम झालेला, शेपूट हातात घेतली तर काठीसारखी कडक. तो शांत नव्हता, त्याला दुखत होतं, आणि मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, ते फक्त कमी कमी हलत जातं. त्या घरातली मंडळी माझ्यासमोर रडली, खूप प्रेम करायची त्याच्यावर. पुढे वेदनाशामक औषधं आयुष्यभर, बरं करणारं काही नाही.

ज्या ब्रिटनमध्ये ही जात जन्मली तिथल्या जीसीसीएफ या मुख्य नोंदणी संस्थेने सत्तरच्या दशकातच तिची नोंदणी बंद केली. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात पैदास करायला बंदी आहे. नेदरलँड्सने पैदास आधीच थांबवली होती, आता २०२६ च्या १ जानेवारीपासून अशी नवीन मांजरं पाळायलाच मनाई केलीय, घरात आधीपासून आहेत ती मात्र राहू शकतात. आपल्याकडे असा काही अडसर नाही त्यामुळे ती इथे सर्रास विकली जातात.

मुलीला कानांचीच हौस असेल तर तिला अमेरिकन कर्ल या जातीबद्दल वाचायला सांगा. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात लेकवूडला शुलामिथ नावाची एक भटकी भाटी एका घराच्या दारात आली, तिचे कान मागे वळलेले होते, तिथून ती जात आली. तिथेही कुर्चेचाच बदल आहे पण तो कानापुरता राहतो, सांध्यांना काही होत नाही. बघा, दोन्ही जाती एका एका मांजरापासून आल्या, दोन्हीत कान वळलेला, पण एकीत मांजराला काही कळत नाही आणि दुसरीत ते जन्मभर भोगतं. दुर्मिळ जात दिसली की मी पहिला प्रश्न हाच विचारते, की हे जे वेगळं दिसतंय ते नुसतं केसात, रंगात, कानात आहे का हाडात गेलंय.

नायगावच्या चाळीतून एक ताई लिहितात : आमची खोली १६० चौरस फूट, माणसं चार. छोट्या घरात छोट्या जातीचं मांजर बरं ना? मंचकिन म्हणून आखूड पायांचं असतं ते कसं आहे? आणि जगातलं सगळ्यात छोटं मांजर कुठलं?

ताई, मंचकिनचे पाय आखूड, बाकी मांजर नेहमीएवढंच. १९८३ मध्ये लुइझियानात एका संगीत शिकवणाऱ्या बाईंना ट्रकखाली लपलेली गाभण भाटी सापडली, ब्लॅकबेरी तिचं नाव, तिच्या पिल्लांपासून ही जात आली. आखूड पायांचा जीन आईबाप दोघांकडून आला तर पिल्लू पोटातच जातं, जन्मालाच येत नाही, त्यामुळे मला ही जात पटत नाही आणि सीएफएनेही तिला मान्यता दिलेली नाही, टिका या दुसऱ्या संस्थेने दिलीय.

छोटी म्हणाल तर सिंगापुरा, मोठी भाटी सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास, अंगावर मातकट रंगाची बारीक लव, डोळे मोठेच मोठे. सिंगापूरमध्ये अशा मांजरांना गटारातलं मांजर म्हणायचे, १९७५ मध्ये एका अमेरिकन जोडप्याने तीन मांजरं अमेरिकेत आणली आणि तिथे तिची किंमत झाली, पुढे सिंगापूरने जाहिरातीत मिरवायलाही घेतलं. मग १९८७ मध्ये कागद निघाले की ती तिन्ही मांजरं त्याच जोडप्याने आदल्या वर्षी, १९७४ मध्ये, अमेरिकेतूनच सिंगापूरला नेली होती! मोठा वाद झाला, सीएफएने चौकशी केली आणि जात कायम ठेवली, पण नंतरच्या जनुकीय तपासण्यांत ती बर्मीजच्या फार जवळची निघाली.

पण तुमच्या खोलीला छोटं मांजर लागत नाही. मांजराला घर लागतं ते उंचीत. चाळीच्या खोलीला पोटमाळा असतो, कपाटावर जागा असते, खिडकीची रुंद चौकट असते, एक दोन फळ्या पायऱ्यांसारख्या ठोकून दिल्यात की त्याला फ्लॅटपेक्षा जास्त जागा मिळते, खाली चार माणसं काय करतायत ते वरून बघत बसेल. खिडकीला फक्त जाळी लावा आणि ती कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची नको, मांजर दाताने तोडतं, तारेची लावा.

दादरहून एक आजोबा लिहितात : आमच्या पांढऱ्या मांजराचा एक डोळा निळा आणि एक पिवळा आहे. नातू म्हणतो ही टर्किश व्हॅन, फार दुर्मिळ. मात्र हाक मारली तर कधी ढुंकून बघत नाही, फार मानी आहे. या जातीचा स्वभावच असा असतो काय?

आजोबा, आधी एक करून बघा. मांजर गाढ झोपलं असेल तेव्हा मागच्या बाजूने, त्याच्या अंगाला वारा किंवा जमिनीला हादरा लागणार नाही असं, कागद चुरगाळा किंवा किल्ल्या वाजवा. कान हलला नाही तर ते मानी नाही, त्याला ऐकू येत नाही.

पांढरा रंग मांजरात केसात रंगच न भरल्यामुळे येतो, रंग भरणाऱ्या पेशी पोटात असतानाच हव्या तिथे पोचत नाहीत. त्याच पेशी आतल्या कानालाही लागतात, त्या नसल्या की जन्मल्यावर काही आठवड्यांत ऐकू येणं जातं. पांढऱ्या मांजरांत दोन्ही डोळे निळे असतील तर साधारण ६५ ते ८५ टक्के बहिरी निघतात, एक निळा असेल तर ४० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात बरेचदा निळ्या डोळ्याच्या बाजूचाच कान गेलेला असतो. दोन्ही कानांचं नक्की करायचं तर मेंदूपर्यंत आवाज पोचतो का बघणारी बेअर टेस्ट असते, पण घरगुती मांजराला तिची गरज नाही.

जातीचं म्हणाल तर दोन रंगांचे डोळे कुठल्याही पांढऱ्या मांजरात येतात. तुर्कस्तानात व्हॅन सरोवराच्या बाजूला अशा पांढऱ्या मांजरांचं फार कौतुक, तिथल्या विद्यापीठाने त्यांच्यासाठी केंद्र काढलंय, आणि अंकारा शहराच्या प्राणिसंग्रहालयाने अंगोरा मांजरं वर्षानुवर्षं जपून वाढवली. परदेशात टर्किश व्हॅन म्हणून जी जात आहे, जी दोन ब्रिटिश बायकांनी १९५५ मध्ये इंग्लंडला नेली, तिचं अंग पांढरं पण डोकं आणि शेपूट रंगीत असते आणि ती खुशाल पाण्यात पोहते. थायलंडची खाओ मनी म्हणून आणखी एक आहे पांढरीशुभ्र. तुमचं यातलं कुठलंच नसणार, आपल्या दादरचंच आहे. ऐकू येत नसेल तर एकच पथ्य पाळा, त्याला घराबाहेर जाऊ देऊ नका, मागून येणारी स्कूटर त्याला कळणार नाही. हाक मारण्याऐवजी दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करा किंवा जमिनीवर पाय आपटा, आठवड्याभरात शिकतं. आणि कानांची टोकं गुलाबी असतात तिथे दुपारचं ऊन लागू देऊ नका, पांढऱ्या मांजरांना तिथे कॅन्सर होतो.

लालबागहून : आमच्याकडे तिरंगी बोका आहे, पांढरा काळा नारिंगी. एकजण २०,००० द्यायला तयार आहे, म्हणतो लकी असतो.

खरंच बोका आहे ना ते आधी डॉक्टरांकडून बघून घ्या, दहातली नऊ पत्रं इथेच संपतात. असेल तर दुर्मिळ आहे. नारिंगी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, भाटीत दोन एक्स म्हणून एकावर नारिंगी एकावर काळा जमतं, बोक्यात एकच एक्स म्हणून तो नारिंगी तरी होतो नाहीतर काळा तरी. तुमच्यासारख्याला सहसा एक एक्स जादा आलेला असतो, साधारण ३,००० तिरंगी मांजरांत एक बोका निघतो आणि तो जवळपास नेहमी वांझ असतो. नारिंगीचा तो जीन नेमका कुठला हे कळायला २०२५ उजाडलं, जपानच्या क्युशू आणि अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी वेगवेगळं काम करून तोच शोधला. जपानी खलाशी अशा बोक्याला शुभ मानतात, त्यांच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेवर १९५६ मध्ये ताकेशी नावाचा तिरंगी बोका बरोबर नेला होता. ही जात नाही, योगायोग आहे. विकू नका, ज्याला लक हवंय तो लक आलं नाही की मांजर सोडून देतो, मी पाहिलंय.

अंधेरीहून : मुलाला मांजराच्या केसांची ॲलर्जी, दमाही आहे. स्फिंक्सला केसच नाहीत, मग ते चालेल ना? घरात एसी चोवीस तास असतो.

ॲलर्जी केसांची नसतेच, ती असते मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत तयार होणाऱ्या एका प्रथिनाची, फेल डी १ म्हणतात त्याला. मांजर अंग चाटतं, लाळ सुकते, तिचे कण हवेत उडतात. स्फिंक्सही अंग चाटतं. त्यामुळे केस नाहीत म्हणून दमेकरी मुलाला चालेल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, आधी मुलाच्या डॉक्टरांना विचारा, मग जिथे स्फिंक्स आहे अशा घरी मुलाला दोनतीन वेळा काही तास बसवून बघा, आणि त्यानंतरच पुढचं.

बाकी या जातीबद्दल सांगायचं तर १९६६ मध्ये टोरोंटोत प्रून नावाचं बिनकेसाचं पिल्लू जन्मलं, पण तो वंश टिकला नाही. आजची स्फिंक्स सत्तरच्या दशकात मिनेसोटाच्या एका शेतावर जन्मलेल्या दोन बहिणींकडून आणि पुन्हा टोरोंटोत मिळालेल्या पिल्लांकडून आली. स्वभावाने अतिशय प्रेमळ, सारखी अंगाला चिकटून बसणारी, मला माया वाटते त्यांची. पण केस त्वचेचं तेल टिपून घेतात, केस नसले की तेल अंगावर साचतं, उशीवर सोफ्यावर तपकिरी डाग पडतात, आठवड्याला अंघोळ, कानातला मळ, नखांच्या बेचक्या, सगळं तुम्हीच साफ करायचं. मुंबईच्या दमट हवेत हे अजून वाढतं. एसी १८ वर ठेवलात तर ते कुडकुडतं, बंद केलात तर चिकट होतं, खिडकीतल्या उन्हात त्वचा भाजते. आणि या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो, घेणार असाल तर आईबापांची टूडी इको दाखवा म्हणून ब्रीडरला सांगा, तो काय उत्तर देतो ते बघा. नेदरलँड्सची ती बंदी बिनकेसाच्या मांजरांनाही लागू आहे, तेही विचारात घ्या.

वसईहून : व्हॉट्सॲपवर एकाने बिबट्यासारख्या ठिपक्यांच्या पिल्लांचा व्हिडिओ पाठवलाय. म्हणतो बेंगॉल आहे, जंगली ब्लडलाइन, लगेच बुक करा.

दादा, थांबा. बेंगॉल ही खरी जात आहे, अमेरिकेत जीन मिल यांनी आशियाई रानमांजर, इंग्रजीत ज्याला लेपर्ड कॅट म्हणतात, त्याची घरगुती मांजराशी जोडी लावून ती उभी केली, पहिली जोडी १९६३ ची. सव्हाना ही तशीच दुसरी जात, ती आफ्रिकेतल्या सर्व्हल नावाच्या रानमांजरापासून आली, पहिलं पिल्लू १९८६ चं. पण त्या दोन्हीत घरात ठेवण्यासारखं मांजर बऱ्याच पिढ्यांनंतर येतं, सुरुवातीच्या पिढ्या कोपऱ्याकोपऱ्यात मुततात, पडदे फाडतात, आणि त्यांना आवरता आवरता घर थकतं. इथे दोन धोके आहेत. एक फसवणुकीचा. २००७ मध्ये अमेरिकेत आशेरा नावाची नवी जात म्हणून २२,००० डॉलरला मांजरं विकायला काढली होती, पुढच्या वर्षी डीएनए तपासला तर ती दुसऱ्याच ब्रीडरकडची सव्हाना निघाली. तिथे हे होतं तर इथे रंग मारून ठिपके काढलेलं पिल्लू गळ्यात पडायला किती वेळ.

दुसरा धोका मोठा आहे. जंगली ब्लडलाइन म्हणजे ते पिल्लू खरंच जंगलातून उचललेलं असू शकतं. आपल्याकडे वाघाटी आहे, जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेलीही दीड किलोच्या आतबाहेर, जुन्नरच्या बाजूला उसाच्या फडात पिल्लं घालते, आणि ऊसतोडीच्या वेळी ती सापडली की लोकांना घरचीच पिल्लं वाटतात. तिथे वनखात्याची माणसं पिल्लं खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन एकेक मानेला धरून घेऊन जाते. लेपर्ड कॅट आणि वाघाटी दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, बाळगलं तरी किमान ३ वर्षं कैद. तो व्हिडिओ डिलीट करू नका, वनखात्याच्या १९२६ हेल्पलाइनला फोन करून द्या, आज करा.

वर्सोवा कोळीवाड्यातून : आमच्या मांजरीला पुढच्या पायाला सहा सहा बोटं आहेत. ऑपरेशन लागेल का? कुठली जात?

काही लागत नाही. मांजराला पुढे पाच पाच आणि मागे चार चार मिळून १८ बोटं, पण जादा बोटं घराण्यात चालत येतात. अशी मांजरं बोस्टनसारख्या बंदरांत आणि इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्याला जास्त दिसतात, खलाशी त्यांना शुभ मानून बोटीवर न्यायचे म्हणून असं सांगतात, तर तुमच्या घरी ती आली ते मला फार आवडलं. फक्त जादा बोटाचं नख जमिनीला घासत नाही, गोल वाढून पंजाच्या गादीत रुततं, दर पंधरा दिवसांनी कापा. आणि नुसत्या मासळीवर ठेवू नका, माशाच्या डोक्यांबरोबर थोडं चिकन, अंडं, मांजराचं कोरडं खाणंही द्या.

परळहून सहावीतली एक मुलगी लिहिते : ताई, आमच्या बिल्डिंगच्या मांजरीला आम्ही मुलींनी पैसे जमवून बैलघोडा हॉस्पिटलमध्ये नेलं आणि लस दिली. वहीत जातीच्या पुढे रिकामी जागा आहे. ती राखाडी आहे, अंगावर पट्टे आणि कपाळावर इंग्रजी एम. तिथे काय लिहू?

किती छान केलंत गं तुम्ही! जातीपुढे लिही डोमेस्टिक शॉर्टहेअर, म्हणजे आखूड केसांचं घरगुती मांजर, जगात सगळ्यात जास्त मांजरं हीच आहेत. आता आपल्या इंडियन मांजरालाही इंडीमाऊ या नावाने वर्ल्ड कॅट फेडरेशनची मान्यता मिळालीय, पण ते शोसाठी आणि नोंदणीसाठी, त्याला तपासणी लागते, म्हणून वहीत नको लिहूस. कपाळावरचा एम सगळ्या पट्टेवाल्या मांजरांना असतो, तुमच्या घराजवळच्या, लंडनच्या, आणि ज्यांच्यापासून सगळी मांजरं आली त्या आफ्रिकेतल्या रानमांजरांनाही. आणि एक सांगू, मांजरांच्या या बहुतेक सगळ्या जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत, पहिला मोठा कॅट शो लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये भरला, त्याच्या आधी जगातली बहुतेक मांजरं तुमच्या बिल्डिंगच्या मांजरीसारखीच होती, त्यांच्या वहीत काही लिहायलाच नव्हतं.

वहीत दुसऱ्या डोसची तारीख आहे का बघ. पहिल्यापासून तीन ते चार आठवड्यांनी असतो, आणि रेबीजची लस वेगळी असते ती दिलीय का तेही विचारून घे. तिला न्यायला टोपली लागेल, भाजीची प्लॅस्टिकची झाकणाची चालते, आत जुना टॉवेल टाक आणि आदल्या रात्रीपासूनच टोपली तिच्या जागेवर ठेव, म्हणजे सकाळी ती आपणहून आत बसलेली असेल.